बिनमिरचीचा हुरडा

ज्वारी निसवली, कणसं बाहेर पडली की माझ्या उजव्या हाताला मुंग्या येतात. नेकनूरचा डॉक्टर म्हणतो, थंडीनं होतंय आबा, हातमोजे घाला. हातमोजे घातले तर गोफण फिरत नाही आणि पेन्सिलही धरता येत नाही. म्हणून डॉक्टरकडून गोळ्या तेवढ्या घेतो, सल्ला तिथंच ठेवून येतो.

यंदाही पौष लागला, मुंग्या आल्या आणि मी मचाणावर चढलो. सहा पायऱ्यांची शिडी आहे. आता दर पायरीला थांबून शिवार बघतो. गुडघ्यासाठी थांबलोय असं रस्त्यानं जाणाऱ्याला वाटू नये, म्हणून कपाळावर हात धरून बघतो. वर पोचलो की मात्र खरंच बघण्यासारखं असतं. खाली कणसंच कणसं, दवानं जड झालेली, एकमेकांच्या खांद्यावर माना टाकून उभी. दाणा अजून दुधात. नखानं दाबला की पांढरा चीक येतो, आणि बोटाला जो वास लागतो तो दुपारच्या भाकरीपर्यंत जात नाही. पूर्वेकडून भोरड्यांचा थवा उठतो, काळ्या पंखांचा, गुलाबी पोटाचा. वाकळ झटकावी तसा हवेत वळतो आणि नेमका माझ्याच शेतावर उतरतो. शेजारी हरभरा, पलीकडे हरभरा, त्याच्या पलीकडे ऊस. एवढ्या शिवारात ज्वारी माझी एकट्याची. मुलगा दर वर्षी म्हणतो, "आबा, आता कोण राखण करतंय? हरभरा टाकू की."

मी म्हणतो, "टाक. पर माझं हापिस कुठं हलवतूस त्ये आधी सांग."

हापिसच ते. मी कादंबरीकार आहे. ऐतिहासिक प्रेमाच्या बारा कादंबऱ्या माझ्या नावावर छापलेल्या आहेत आणि बाराच्या बारा याच मचाणावर लिहिलेल्या आहेत. घरी बसून लिहायचा प्रयत्न एकदा केला होता. खुर्ची, टेबल, पंखा, सगळं होतं. दोन दिवसांत एक राजा तेवढा सिंहासनावर बसला, तो काही केल्या उठेना. तिसऱ्या दिवशी वही काखेत मारून मी शेतात आलो.

लोक विचारतात, आबा, तुमची वाक्यं इतकी लहान कशी? एका समीक्षकानं लिहिलं होतं की माझ्या गद्याला आदिम लय आहे. ती लय भोरड्यांची आहे. थवा उठवला की तो शिवाराला एक चक्कर मारतो आणि परत येतो. तेवढ्यात जे सांगायचं ते सांगून पेन्सिल खाली ठेवावी लागते, गोफण उचलावी लागते. वाक्य लांबलं की दहा कणसं गेली. म्हणून माझा नायक वळसे घेत बोलत नाही. "आलो," म्हणतो. "नेतो," म्हणतो. वाचक बायांना हे फार आवडतं. त्यांच्या पत्रांत असतं, असा मोजकं बोलणारा पुरुष आता कुठं मिळतो? मचाणावर मिळतो बायांनो, पाखरं असली की.

सकाळी पाखरांचं पोट रिकामं असतं, म्हणून सकाळी लढाया. ओरडायचं असतंच, त्यात घोडे-हत्तीही ओरडून घेतात. उन्हं वर आली की पाखरं बाभळीत जाऊन बसतात, शिवार गप होतं, मग प्रेमाला जागा होते. अकरा ते दोन प्रेम. ऊन कललं की पुन्हा तलवारी. बॉलपेन इथं चालत नाही. पहाटेच्या गारठ्यानं त्याची शाई आखडते, काखेत धरून गरम करावं तर दोन ओळी लिहितं आणि परत रुसतं. म्हणून पेन्सिल. तिला टोक विळ्यानं करतो. लाकडाचे कपटे खाली ज्वारीत पडतात आणि कुण्या चिमणीच्या घरट्याला लागतात. माझ्या लिखाणाचा सगळ्यात आधी उपयोग होतो तो असा.

शाळेचं म्हणाल तर चौथीत गेलतो एवढं खरं. चौथीतून बाहेर आलो तो शेळ्यांच्या मागं. अक्षर सुटलं नाही ते श्रावणातल्या पोथीमुळं. मारुतीच्या देवळात वाचणारा कुणी धड नव्हता आणि माझा आवाज खणखणीत, म्हणून मला चौरंगापुढं बसवलं ते पुढं वीस-बावीस श्रावण. नेत्र, वदन, सत्वर, मंजुळ असे शब्द मला तिथं मिळाले. शिकलेल्या लोकांना ते जुने वाटतात. मला नाहीत वाटत, कारण मी ते नवेच्या नवे उचलले होते. ऱ्हस्व-दीर्घ मात्र मला आजही येत नाही. ते काम वाघमारे सराचं. तो माझा चौथीपर्यंतचा सोबती. मी शेळ्यांमागं गेलो, तो शिकत गेला, बौद्ध वस्तीतला पहिला मास्तर झाला आणि आता पेन्शनीत बसून माझ्या वह्यांवर लाल रेघा ओढतो. ओढताना दर पानाला एकदा तरी म्हणतो, "तुला चौथीत नापास करायला पायजे व्हतं बे, त्ये ऱ्हायलं."

इतिहासच का, असंही विचारतात. त्याचं कारण साधं आहे. आजच्या माणसाचं प्रेम लिहिलं तर गाव ओळखतं. संध्याकाळी दोन घरची माणसं काठ्या घेऊन दारात. तेच प्रेम देवगिरीच्या यादवांच्या काळात नेऊन ठेवा, वाण्याच्या पोरीला राजकन्या करा, तिच्यासाठी झुरणाऱ्या टेलरला सेनापती करा, आणि बघा, तोच वाणी, तोच टेलर पुस्तक वाचून मला सांगतात, "आबा, काय लोक व्हते हो त्या काळी!" मी मान हलवतो. आमच्या गावात गेल्या पन्नास वर्षांत जितकी माणसं जितक्यांदा प्रेमात पडली, ती सगळी माझ्या पुस्तकांत मुकुट घालून बसलेली आहेत.

एकदा केजला निघालो होतो, एसटीत. माझ्या पुढच्या बाकावर एक बाई माझं पुस्तक वाचत होती. माझंच. मुखपृष्ठावरचा घोडा मी ओळखला. तिचं गाव आलं, कंडक्टरनं दोनदा आवाज दिला, बाई मान वर करेना. गाव मागं गेलं. मग एकदम दचकली आणि कंडक्टरशी भांडायला लागली, "सांगायला काय झालं तुमाला?" कंडक्टर म्हणाला, "मावशी, बसायचं असंल तर बसा, उतरायचं असंल तर उतरा, पर त्ये पुस्तक आधी मिटा." मी एक शब्द बोललो नाही. केजला उतरलो तेव्हा माझी मान इतकी ताठ होती की तहसीलच्या पायऱ्या दिसल्या नाहीत आणि ठेचकाळलो. पण तो दिवस चांगला गेला.

आता चार वर्षांमागची सुगी सांगतो. दर वर्षी कणसात चीक भरला की मला तीच आठवते.

बारावी कादंबरी लिहून झाली होती. तिच्यात एक प्रकरण होतं, ज्याच्यासाठी बाकीची कादंबरी लिहिली होती. यादवांचा एक घोडेस्वार, विक्रमसेन, वाट चुकून बालाघाटाच्या डोंगरात येतो. ज्वारीच्या रानात मचाणावर एक मुलगी राखण करत असते, रत्नप्रभा. तिचा बाप पाहुण्याला हुरडा भाजून देतो आणि रत्नप्रभा खाली येऊन त्याच्या पुढ्यात लाल मिरची-शेंगदाण्याची चटणी ठेवते. ती इतकी तिखट की ज्याच्या डोळ्यांत रणांगणावर पाणी आलं नाही, त्याच्या डोळ्यांतून धारा लागतात. पण तो पाणी मागत नाही. सगळी चटणी संपवतो. ती बघत राहते. तिथून पुढं त्यांचं जमतं.

हे मी रचलेलं नव्हतं. विक्रमसेन मी होतो.

नारायणगडाच्या अंगाला एका गावात माझ्या मामाच्या ओळखीचे एक पाटील होते. मामा म्हणाला, चल, हुरडा खायला जाऊ. पोरगी दाखवायची आहे हे मला सांगितलं नव्हतं. तिला मात्र कुणीतरी सांगितलं असावं. आगटीत गोवऱ्या धुमसत होत्या, कणसं राखेतून निघत होती, पाटील ती हातावर चोळून गरम दाणे माझ्यापुढं टाकत होते. मचाणावरून एक मुलगी उतरली, पानावर चटणी ठेवली आणि माझ्याकडं न बघता परत वर चढली. पहिल्या घासाला माझे कान वाजले. दुसऱ्या घासाला मामा दिसेनासा झाला. पाण्याची घागर हाताच्या अंतरावर होती. मी मागितलं नाही. सोयऱ्यांपुढं तिखटाला हरणारा मी नव्हे. चैत्रात लग्न झालं. ती गया. आमची मंडळी.

पन्नास वर्षं मी हेच धरून चाललो होतो, की गयानं मला होकार दिला तो त्या न मागितलेल्या पाण्यावर. गावातल्या सगळ्यांची प्रेमं मी लिहिली, आपलं लिहिलं नव्हतं. बायकोला पुस्तकात बसवायचं म्हणजे लाज वाटायची, आणि दुसरं म्हणजे गयाला माझ्या पुस्तकांचं काही पडलेलं नसतं. तिला वाचता येत नाही. मी वाचून दाखवायला लागलो की चार ओळींवर उठते, म्हणते, "राणी नटंपस्तोर माझी चूल इझती." पण वय झालं. आता एकदा तिला पुस्तकात नीट बसवून ठेवावी, मग मी नसलो तरी ती तिथं असेल, असं मनात होतं. हे मी कुणाला बोललो नव्हतो. तिलाही नाही.

आमच्या शिवारात मोबाईलला रेंज फक्त मचाणावर येते. तिथंच फोन आला. पुण्याच्या प्रकाशकांकडं माझी पुस्तकं बघणाऱ्या केतकीताई आहेत, माझ्या नातीच्या वयाच्या, गोड बोलतात.

"आबा, प्रकरण सुंदर आहे. पण एक अडचण आहे. यादवांच्या काळात मिरची नव्हती."

मला वाटलं, रेंज गेली. "काय न्हवती?"

"मिरची. शेंगदाणाही नव्हता. दोन्ही समुद्रापलीकडून आले, यादवांनंतर खूप वर्षांनी."

"ताई," मी म्हणालो, "तुमी बीडला आलाव का कधी?"

"आबा, आपण मागं बटाटा काढला होता ना? तसंच."

ते खरं होतं. बटाटा, टोमॅटो, चहा आणि काचेचा आरसा हे चारही मी माझ्या राजवाड्यांतून केव्हाच बाहेर काढले होते. काही वाटलं नव्हतं. पण मिरची?

"मग त्यो हुरडा कशासंगं खाईल?"

"गुळाबरोबर चालेल. गूळ होता."

"गुळानं डोळ्यात पानी येत न्हाई ताई."

"मग पाणी काढून टाकू या. शिवरात्रीपर्यंत एवढं बदलून पाठवा आबा. नाहीतर पुस्तक पुढच्या वर्षीवर जाईल."

पुढच्या वर्षीवर! बहात्तर वर्षांच्या माणसाला. फोन ठेवला तेव्हा सगळा थवा शेतात उतरला होता आणि मी गोफणीला हातही लावला नव्हता.

तडक वाघमारेकडं गेलो. तो अंगणात ऊन खात बसला होता. म्हटलं, "सर, एक सांग. मिरची आपली हाय का न्हाई?"

"न्हाई."

"असं कसं न्हाई? तुज्या दारात लावलीय की!"

"दारात लावली म्हून आपली व्हती व्हय बे? जहाजातून आलीय ती. ताई खरं सांगती."

"मग यादव काय खात व्हते?"

"त्ये मला कशाला इचारतूस? पुस्तकं तू लिव्हतूस." मग माझ्या तोंडाकडं बघून जरा नरमला. "मिरं व्हतं. पर त्ये राजाच्या घरी. राखणीच्या पोरीच्या फडक्यात कुठून येनार?"

मी घरी आलो आणि लिहिणं बंद केलं. मचाणावर जायचो, बसायचो. मिरची काढली तर पाणी जातं, पाणी गेलं तर ते न मागणं जातं, ते गेलं तर मी जातो आणि माझ्या मागोमाग गया जाते. मग राहिलं काय? एक घोडेस्वार गूळ खातोय. केतकीताईंना मी तसा निरोप पाठवला: मिरची राहणार, नाहीतर कादंबरी राहणार माझ्याकडं. हे पाठवून बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी बरं वाटायचं थांबलं.

आठ दिवसांनी भाकरी घेऊन गया शेतात आली. मचाणाच्या खाली उभी राहून तिनं कणसं बघितली. निम्म्या धाटांवर नुसत्या दांड्या राहिल्या होत्या.

"अवं," ती म्हणाली, "राखन करताव का पाखरं पाळताव?"

मी वहीवरची धूळ झटकली.

"जेवत न्हाईत, बोलत न्हाईत. कोन मेलं?"

"कोन न्हाई. मिरची."

शेजारच्या हरभऱ्यात बाया पाला खुडत होत्या. चंद्रभागा त्यांची म्होरकी. तिला दोन शेतांपलीकडचंही ऐकू येतं. मिरची मेली म्हटल्यावर ती पदराच्या ओट्यातला पाला सावरत आलीच, मागून आणखी तिघी. मग मला सगळं सांगावं लागलं. विक्रमसेन सांगितला, रत्नप्रभा सांगितली, चटणी सांगितली. ती गया आहे एवढं सोडून सगळं.

"हात्तिच्या," चंद्रभागा म्हणाली, "एवढंच व्हय? बिनमिरचीचं डोळ्यातून पानी काढून दाखवते. आबा, तोंड तुमचं, कूट माझं."

पुढचे चार दिवस माझ्या जन्मात मी विसरणार नाही. पहिल्या दिवशी तिनं जवस कुटून आणलं, लसणात. छान लागलं, डोळे कोरडे. दुसऱ्या दिवशी कारळं. तेही छान. मी आणखी मागून घेतलं तर बाया ओरडल्या, "आबा, जेवायला न्हाई बसलाव, रडायला बसलाव!" तिसऱ्या दिवशी तीळ आणि सुंठ. चौथ्या दिवशी कच्ची मोहरी पाण्यात वाटून. ती नाकात गेली. डोळ्यांतून पाणी आलं खरं, पण त्याआधी मी एकामागून एक सात शिंका दिल्या, मचाण हाललं, आणि बाया हरभऱ्यात बसून हसल्या. चंद्रभागा म्हणाली, "चाललं की! पानी आलं!" मी म्हणालो, "शिंकनारा नायक चालत न्हाई." शिंकणाऱ्या माणसाच्या प्रेमात कोण पडतं?

बाया गेल्या. गया भांडी आवरत होती. पाठमोरीच होती. म्हणाली, "त्ये पुस्तकातलं रान आमचंच हाय न्हवं?"

मी गोफणीची गाठ चाचपायला लागलो.

"आन ती मचानावरची मी."

नाही म्हणायची सोय नव्हती. मान हलवली. तिला दिसली नसेल, पण कळली.

"मग मिरचीसाटी कशाला बसलाव अडून? चटनीचा काय संबंध?"

"काय संबंध म्हंजी? मी पानी मागितलं न्हाई. म्हून तर तू..."

गया वळली. भांडं हातातच. "पानी मागितलं न्हाई म्हून?" आणि मग ती जी हसली! दात दोनच राहिलेत तिचे, दोन्ही दिसले. "अवं, ती चटनी माझी आई समद्या सोयऱ्यांना देत व्हती. तुमच्या आदी तिघं यून गेलते. तिघांनी बी पानी मागितलं न्हाई. गड्यांची जात! समदे डोळे पुशीत बसले."

पन्नास वर्षांत तिघांचं नाव मी ऐकलं नव्हतं.

"मग मला कशापायी हो म्हनलीस?"

तिनं भांडं पालथं घातलं, पदरानं हात पुसले. "तुमी खात व्हताव, तवा थवा उतरला. पल्याडच्या बांधाकडं. माझी गोफन तितवर पुरत न्हवती. मी वरनं वरडत व्हते. त्ये तिघं आलते तवा बी थवा उतरलाता. त्ये बसून खात ऱ्हायले. तुमी पानावरनं उठलाव. डोळ्यातून पानी वाहतंय, काय दिसत न्हाई, तसंच बापाची गोफन उचलून रानात पळालाव. सांज पडंस्तोर हाकीत व्हताव. मामा हाका मारून दमला. मी म्हनलं, ह्यो गडी राखन करंल."

मला हे आठवत नव्हतं. खरं सांगतो, अजिबात आठवत नव्हतं. पाखरं दिसली की उठायचं, हे माझ्या अंगात इतकं होतं की त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही आहे, असं मला कधी वाटलंच नाही. जे मी छाती फुगवून सांभाळलं ते तिच्या लेखी काहीच नव्हतं, आणि जे तिनं सांभाळलं होतं ते मी तिथंच रानात टाकून आलो होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मचाणावर होतो. रबर घेतलं आणि चटणी पुसली. लाल मिरची पुसली, शेंगदाणा पुसला, डोळ्यांतलं पाणी पुसलं. विक्रमसेनापुढं नुसता हुरडा ठेवला, चिमूटभर मिठाबरोबर. मीठ यादवांकडं होतं, वाघमारेला विचारून घेतलं. मग थवा उतरवला. हात असा चालला की माझ्या शेतातला खरा थवा कधी आला आणि कधी पोट भरून गेला, कळलं नाही.

शिवरात्रीला चार दिवस उरले होते तेव्हा काढणी सुरू झाली. ती दुपार माझ्या नजरेपुढं अजून आहे. धाटं उपटताना मुळांना लागून येणारी माती, कडब्याच्या पेंढ्या, हवेत उडणारी कणसांची बारीक कूस, अंगाला खाजणारी. बाया भाकरी खाऊन बाभळीखाली टेकल्या होत्या. गया कणसं मोडत बसली होती, कटाकट. मी वही काढली आणि म्हणालो, "ऐका." गया उठली नाही. मी वाचायला लागलो. मचाण आलं, आगटी आली, मीठ आलं. थवा उतरला. मी आवाज चढवला:

"विक्रमसेन उठला. त्यानं गोफण घेतली. पहिल्याच दगडात..."

"थांबा," गया म्हणाली. कणीस मोडायचं थांबवून. "एक बी दगड लागला न्हवता."

बाया माझ्याकडं बघायला लागल्या.

"गया, त्यो यादवांचा घोडेस्वार हाय. त्याचा बान शंभर हातांवरनं चुकत न्हाई. मागच्या तीन प्रकरनात लिव्हलंय तसं."

"बान न्हाई चुकत. गोफन चुकती. डोळ्यातल्या पान्यानं उलटी धरलीती तुमी. एक दगड तर माझ्या बापाच्या पागोट्यावरनं गेला."

चंद्रभागा तोंडावर पदर धरून बसली. मी म्हणालो, "नायकाचा नेम चुकला तर वाचक काय म्हनतील?"

"काय म्हनायचं त्ये म्हनतील. लागला म्हून लिव्हलं तर त्यो तुमी न्हाई. आन मग ती मी बी न्हाई." आणि परत कणीस मोडायला लागली. कटाकट, कटाकट.

आधीच्या अकरा कादंबऱ्यांत माझ्या एकाही नायकाचा नेम चुकलेला नव्हता. पुण्याच्या ताईंना मी मिरचीवरून नाही म्हणालो होतो, हे तर त्याहून मोठं. मी वही मिटली. उघडली. विळ्यानं पेन्सिलीला टोक काढलं, गरज नसताना. मग पुसलं, आणि लिहिलं, आणि बायांना वाचून दाखवलं:

"विक्रमसेनानं सात दगड मारले. एकही लागला नाही. मचाणावरची मुलगी हसली."

"आन मग?" चंद्रभागानं विचारलं.

"मग काय? पुढचं प्रकरन."

"न्हाई," गया म्हणाली. आता तिनं कणीस खाली ठेवलं होतं. "ती खाली उतरती. त्याच्यापाशी जाती, आन हातात हात धरून गोफन सुलटी करून देती."

मी तिच्याकडं बघत राहिलो. हेही मी विसरलो होतो की काय? "असं झालतं?"

"झालं न्हाई," ती म्हणाली. "बाप समोर बसलाता माझा, कशी उतरनार? लई वाटत व्हतं मला." तिनं मांडीवरची कूस झटकली. "तुमच्या पुस्तकात बाप आतमंदी पाठवा की कुठंतरी. आन उतरू द्या तिला."

मी रत्नप्रभेच्या बापाला बैलांना पाणी पाजायला ओढ्यावर पाठवला, आणि तिला उतरू दिलं.